२६ मे २०२५: रोहिणीत आलेला मान्सून आणि मृगाच्या भरवशावर राहिलेली मुंबई

२६ मे २०२५ रोजी भारतीय हवामान विभागाने नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे जाहीर केले. मुंबईसाठी मान्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते, म्हणजे पाऊस सोळा दिवस आधी आला. १९५० पासूनच्या नोंदींत याहून लवकर झालेले आगमन सापडत नाही. त्यापूर्वीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे होती आणि ती १९५६, १९६२ व १९७१ या तीन वर्षांत नोंदली गेली होती. कुलाबा वेधशाळेतील मे महिन्याचा एकूण पाऊस त्या दिवशी ४३९ मिलिमीटरवर पोहोचला आणि १९१८ च्या मे महिन्यातील २७९.४ मिलिमीटरचा विक्रम, जो शंभराहून अधिक वर्षे टिकून होता, मोडीत निघाला.

विक्रमाची बातमी दोन दिवसांत जुनी झाली. त्या दिवसाने शहराच्या कारभारातले जे गृहीतक उघडे पाडले, ते मात्र अजून तसेच आहे, आणि म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते. मुंबईची पावसाळापूर्व तयारी एका ठरावीक तारखेला बांधलेली आहे. पावसाआधीची नालेसफाई ३१ मेपर्यंत, खोदलेले रस्ते बुजवणे ३१ मेपर्यंत, धोकादायक फांद्यांची छाटणी मेअखेरपर्यंत, मासेमारीबंदी १ जूनपासून, शाळा जूनच्या मध्यावर, अशी ही सगळी वेळापत्रके पाऊस मृगात येतो या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर उभी आहेत. रोहिणीत पडणारा पाऊस आपल्या पंचांगाला नवीन नाही, पण तो वळवाचा असतो, एखाद्या संध्याकाळी गडगडाट करून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडते. रोहिणी लागून एक-दोन दिवस होतात न होतात तोच पूर्ण ताकदीचा मोसमी पाऊस यावा, हे वेळापत्रक आखणाऱ्या कोणीही धरलेले नव्हते.

त्या सकाळी काय घडले

पावसाचा जोर दक्षिण मुंबईवर होता. २६ मेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे १३५ मिलिमीटर पाऊस झाला, तर सांताक्रूझला जेमतेम ३३ मिलिमीटरच्या आसपास. त्यानंतर सकाळी नऊ ते दहा या एका तासात नरिमन पॉइंट येथील अग्निशमन केंद्रावर १०४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबईतली ब्रिटिशकालीन पर्जन्यजलवाहिन्यांची जाळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधली गेली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. मुंबईतील पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी तयार झालेल्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची योजना मांडली गेली आणि २००५ च्या महापुरानंतर तिला वेग आला. म्हणजे जिथे ही सुधारणा पूर्णपणे झाली आहे तिथेही वाहिन्यांनी त्या तासात क्षमतेच्या दुपटीचे पाणी घ्यावे अशी अपेक्षा होती. ते घडणे शक्यच नव्हते.

त्यात अमावास्येचे उधाण होते. साडेअकराच्या सुमारास साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती येणार होती, आणि एवढी भरती असली की महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनात तो दिवस धोक्याचा मानला जातो, कारण भरतीच्या वेळी वाहिन्यांची समुद्राकडील तोंडे पाण्याखाली जातात आणि पावसाचे पाणी बाहेर पडण्याऐवजी आतच साचत राहते. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला आणि गझदरबंध ही सहा मोठी पर्जन्यजल उदंचन केंद्रे (पंपिंग स्टेशन) नेमकी याच अडचणीवर उतारा म्हणून गेल्या दीड दशकात उभारली गेली. मोगरा आणि माहुल येथील केंद्रे रेंगाळलेलीच आहेत. दक्षिण टोकाच्या कुलाबा, चर्चगेट, मंत्रालय परिसराला मात्र आजवर पाणी तुंबण्याचा मोठा इतिहास नव्हता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला ७४ मिलिमीटरच पडला होता. उपनगरे बुडतात आणि शहर तरते, ही मुंबईकरांच्या मनात पक्की बसलेली समजूत त्या वर्षाने अधिकच घट्ट केली होती. २६ मेला ती उलटी झाली. मंत्रालयाच्या आवारापासून मशीद बंदर स्थानकाच्या रुळांपर्यंत पाणी होते, हार्बर मार्गाची वाहतूक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि वडाळ्याच्या दरम्यान थांबवावी लागली, आणि परळच्या केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरले.

हिंदमाताचा उल्लेख वेगळा करायला हवा. बशीसारख्या खोलगट असलेल्या या भागासाठी महापालिकेने प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या साठवण टाक्या बांधल्या आहेत. भरतीच्या काळात पाणी या टाक्यांत घ्यायचे आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडायचे, अशी ही योजना आहे, आणि टाक्या झाल्यापासून तिथला त्रास बराच कमी झाला होता. पण पाणी टाकीपर्यंत नेण्याचे काम पंपांचे असते, आणि पंप चालवण्याची व्यवस्था पावसाळी कंत्राटावर उभी असते. २६ मेनंतर महापालिकेने हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी या चार ठिकाणच्या लघु उदंचन केंद्रांच्या चालकांना प्रत्येकी १० लाख रुपये दंड केला, कारण केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवली गेली नव्हती. दंड योग्यच होता. तरीही माझ्या मते या दंडापेक्षा त्यामागची रचना अधिक तपासण्याजोगी आहे: कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेली टाकी त्या सकाळी जागेवर होती आणि तिचा उपयोग मात्र पंप त्या दिवशी सज्ज आहे की नाही यावर अवलंबून राहिला.

वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकाचेही असेच झाले. भुयारी मेट्रो तीनचा हा टप्पा प्रवाशांसाठी खुला होऊन पंधरवडाच झाला होता. स्थानकाचे एक प्रवेशद्वार अजून बांधकामाखाली होते, तिथे पाणी अडवण्यासाठी उभारलेली भिंत कोसळली आणि पाणी थेट फलाटापर्यंत गेले. गाड्या काही काळ वरळी स्थानकापर्यंतच चालवण्यात आल्या. अर्धवट बांधकामाचे खुले तोंड पावसाळ्याच्या दारात उघडे राहणे हा धोका नेहमीचाच, पण त्या वर्षी पावसाळ्याचे दार दोन आठवडे आधी उघडले.

पाऊस इतक्या लवकर कसा आला

संकेत आधीपासून मिळत होते. १३ मे रोजी मान्सून निकोबार बेटे आणि दक्षिण अंदमान समुद्राच्या भागात पोहोचला होता, तोही नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. त्याच्याही आधी, १० मे रोजी, हवामान विभागाने केरळातील आगमनाचा अंदाज २७ मे असा दिला होता आणि त्यात चार दिवसांची मागेपुढे मुभा ठेवली होती. प्रत्यक्षात केरळात पाऊस २४ मे रोजी पोहोचला, २००९ नंतरचे सर्वांत लवकरचे आगमन. अंदाज दिलेल्या मर्यादेतच खरा ठरला, हे नोंदवलेच पाहिजे, कारण अशा प्रसंगी हवामान विभागाला दूषणे देण्याची आपल्याकडे घाई असते.

अडचण केरळापासून पुढे होती. केरळातील सर्वसाधारण तारीख १ जून आणि मुंबईतील ११ जून, म्हणजे एरवी हा प्रवास दहा दिवसांचा असतो. १० मेचा अंदाज हातात घेऊन एखाद्या दक्ष अधिकाऱ्याने मुंबईचा हिशेब केला असता, तर त्याला ६ जूनच्या आसपासची तारीख मिळाली असती आणि ३१ मेची मुदत पुरेशी वाटली असती. पावसाने मात्र ते अंतर दोन दिवसांत कापले. पूर्वमध्य अरबी समुद्रात दक्षिण कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याची तीव्रता वाढून त्याचे अवदाब क्षेत्रात रूपांतर झाले आणि २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत गेले. त्याच वेळी विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे सरकणारी ढगांची आणि पावसाची मोठी लहर, जिला मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात, हिंदी महासागराला अनुकूल अवस्थेत होती. अवदाबाने अरबी समुद्रावरील बाष्पयुक्त पश्चिमी वारे थेट कोकणाकडे ओढून घेतले, आणि एरवी टप्प्याटप्प्याने वर सरकणारी मान्सूनची सीमा एका झेपेत मुंबईपर्यंत आली. पुण्यातही आगमन त्याच दिवशी जाहीर झाले.

पुढे काय झाले तेही या प्रकरणाचाच भाग आहे. मुंबईपर्यंत धावत आलेला मान्सून तिथेच थबकला. त्याची उत्तर सीमा मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मुंबई-अहिल्यानगरच्या रेषेवर खिळून राहिली आणि राज्याच्या मोठ्या भागात उघडीप पडली. ज्या शेतकऱ्याने मेअखेरच्या पावसावर विसंबून पेरणी केली असती त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ आली असती; पेरणीची घाई करू नये, असे कृषी विभाग सांगत होता ते त्यासाठीच. मुंबईच्या पाणीपुरवठ्यालाही या पावसाचा फारसा उपयोग नव्हता, कारण शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी पाच मोठे तलाव ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील डोंगराळ भागात आहेत, आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावर पडलेला थेंब तिथे पोहोचत नाही.

हवामानबदलाचा वाटा किती

येथे सावधपणे लिहिणे भाग आहे. पाऊस लवकर आला म्हणून मान्सून लवकर येऊ लागला आहे, असा निष्कर्ष नोंदींतून निघत नाही. उलट हवामान विभागाने २०२० मध्ये १९६१ ते २०१९ या काळातील नोंदींच्या आधारे आगमनाच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईची तारीख १० जूनवरून ११ जूनवर, म्हणजे एक दिवस पुढे गेली. परतीची तारीख तर २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. सरासरी पाहिली तर आगमन जवळपास तिथेच आहे आणि निरोप लांबला आहे.

पण सरासरीवर पंप चालत नाहीत. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मुंबईत मान्सून २५ जूनला आला. २०२३ मध्ये तर तो मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोहोचला, आणि असे १९६१ नंतर प्रथमच घडले. २०२० मध्ये आगमन १४ जूनला, २०२१ मध्ये ९ जूनला, २०२२ मध्ये ११ जूनला, २०२४ मध्ये पुन्हा ९ जूनला आणि २०२५ मध्ये २६ मेला झाले. सात वर्षांतली ही तफावत तीस दिवसांची आहे. ११ जून ही तारीख या सातपैकी चार वर्षांत थोडीफार उपयोगी पडली असती. उरलेल्या दोन प्रकारच्या वर्षांत, म्हणजे फार लवकर आणि फार उशिरा आलेल्या पावसात, तिचा काडीचा उपयोग नव्हता, आणि शहराचे नुकसान याच वर्षांत होते: उशीर झाला की तलाव तळ गाठतात आणि पाणीकपात येते, घाई झाली की अर्धवट कामे पाण्यात जातात.

तापमानवाढीचा हात जिथे अधिक स्पष्ट दिसतो ते ठिकाण म्हणजे पावसाची तीव्रता. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. अरबी समुद्राचा पृष्ठभाग गेल्या काही दशकांत लक्षणीय तापला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेपर्यंतच्या पट्ट्यात, अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले होते आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या चढउतारांशी जोडला होता. मे महिन्यातली समुद्री वादळेही आता मुंबईला परकी राहिलेली नाहीत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले आणि त्याही वेळी पावसाळापूर्व कामे अर्ध्यावर होती. तो प्रसंग चक्रीवादळाच्या खात्यात टाकला गेला आणि वेळापत्रक होते तसेच राहिले. २६ मेची घटना एकट्या तापमानवाढीमुळे घडली असे मी म्हणणार नाही. मात्र तापलेल्या समुद्राच्या काठावर मे महिना कोरडाच जाईल, असे धरून चालणे आता बेजबाबदारपणाचे ठरेल, एवढे नक्की म्हणेन.

तारीख नव्हे, अवधी

मग तयारी कशाच्या आधारे करायची? तारीख पंधरा दिवस अलीकडे आणावी, हे पहिले उत्तर सुचते आणि ते काही प्रमाणात बरोबरही आहे. केरळातील आगमन जाहीर करण्याचे निकष हवामान विभाग १० मेनंतर लागू करतो, म्हणजे त्या दिवसापासून पाऊस येणे शक्य आहे असे विभागानेच मानलेले आहे. शहराच्या पावसाळी कंत्राटांची सुरुवात त्याच दिवसाशी जोडली तर त्यात अतिशयोक्ती काहीच नाही.

परंतु अधिक महत्त्वाचे आहे ते कामांची विभागणी त्यांना लागणाऱ्या अवधीनुसार करणे. नाल्यातला गाळ पाच दिवसांत निघत नाही. त्याला महिने लागतात, आणि पावसाआधी काढायचा ठरलेला तीन चतुर्थांशाहून अधिक गाळ मेच्या पहिल्या आठवड्यापूर्वी निघायचा असेल तर निविदा डिसेंबर-जानेवारीत पूर्ण व्हायला हव्यात. खोदलेला रस्ता बुजवायला, काँक्रीट मुरायला काही आठवडे हवेत, म्हणून नवे खोदकाम एप्रिलनंतर सुरूच होऊ नये. पंपांचे तसे नाही. त्यांना डिझेल, चालक आणि एक आदेश एवढेच लागते. ते चोवीस तासांत सुरू होऊ शकतात, फक्त मे महिन्याच्या सुरुवातीपासून ते जागेवर असले पाहिजेत आणि चालक कंत्राटाने बांधलेला असला पाहिजे. बांधकामाखालील भुयारी स्थानकाचे तोंड बंद करणे हे या दोहोंच्या मधले काम आहे.

२०२५ मध्ये अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होणार आणि ते तीव्र होणार, याची सूचना साधारण चार-पाच दिवस आधी मिळू लागली होती. हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही देतो. कुलाबा आणि वेरावली येथे डॉप्लर रडार आहेत, महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रे शहरभर आहेत, आणि २०२० पासून मुंबईसाठी पूरइशाऱ्याची 'आयफ्लोज' ही प्रणालीही आहे. माहितीची वानवा मुंबईला नाही. कमतरता आहे ती अशा आदेशाची, ज्यात लिहिलेले असेल की अरबी समुद्रात अमुक तीव्रतेची प्रणाली तयार होण्याचा इशारा आल्यापासून चोवीस तासांत, मग तारीख १५ मे असो वा २० मे, सर्व पंप पूर्ण क्षमतेने सुरू असतील आणि सर्व उघडी तोंडे बंद असतील. असा आदेश इशाऱ्याने जागा होतो, दिनदर्शिकेने नाही, आणि कंत्राटातही तोच शब्द असला पाहिजे. नाहीतर ३१ मेपूर्वी काम न केल्याबद्दल कोणाला जबाबदार धरायचे हा वाद दरवर्षी उभा राहील.

आगोट

या प्रकरणाची चर्चा मेट्रो आणि मंत्रालयाभोवती फिरली. ज्यांच्या वेळापत्रकावर सर्वांत थेट आघात झाला त्या कोळीवाड्यांचा उल्लेख तिच्यात फार थोडा आला, आणि ही उणीव मला खटकते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीच्या काळात आणि खवळलेल्या समुद्रात होड्या जाऊ नयेत यासाठी ती आहे, आणि तिची गरज कोळी बांधव स्वतःच सांगतात. पण बंदीपूर्वीचे मेमधले शेवटचे दोन आठवडे म्हणजे घरखर्चाची दोन महिन्यांची बेगमी करण्याचा काळ. अवदाबाच्या इशाऱ्याने होड्या आठवडाभर आधीच किनाऱ्याला आल्या, आणि ते दिवस कोणीही भरून दिले नाहीत.

त्याहून मोठा फटका सुक्या मासळीला. वर्सोवा, मढ, उत्तन या किनाऱ्यांवर बोंबील बांबूच्या वलांडींवर टांगून वाळवतात, जवळा खळ्यावर पसरतात. हे काम बहुतांशी कोळणींचे, आणि त्याला लागणारे भांडवल एकच: मेचे कडक ऊन आणि कोरडा वारा. मुंबई आणि कोकणातली कुटुंबे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, खरेदीत पापड-कुरडयांबरोबर हीच मासळी भरून ठेवतात, त्यामुळे वर्षातली सर्वांत मोठी विक्री याच काळात होते. अर्धवट वाळलेल्या बोंबलावर एक सर आली तरी त्याला वास लागतो आणि आळ्या पडतात. तो फेकूनच द्यावा लागतो किंवा कुटीसाठी, म्हणजे खत-खाद्याच्या भुकटीसाठी, मातीमोल दरात जातो. २०२५ मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा वादळी पाऊस झाला आणि विसाव्या तारखेनंतर तर ऊनच पडले नाही. मासळी हाती आली, वाळवण्याची मेहनत झाली, माल बाजारात मात्र गेला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतातल्या उभ्या पिकाचे अवकाळी पावसाने नुकसान झाले तर तलाठी पंचनामा करतो. वलांडीवरच्या बोंबलाचा पंचनामाही त्याच नियमाने आणि तितक्याच तातडीने व्हावा, अशी मागणी त्या निर्णयातून सरळ निघते. भरपाईच्या जोडीला कोळीवाड्यांत सौर वाळवणी यंत्रे आणि छपराखालच्या वलांडी द्याव्या लागतील. त्यासाठी किनाऱ्यावर कायमची जागा लागते, आणि मुंबईत जागेचा प्रश्न आला की कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रलंबित विषय पुढे येतो. वाळवणाचे खळे कागदावर कोळीवाड्याच्या हद्दीत दाखवले गेले नाही तर त्यावर छप्पर घालायला परवानगी मिळणार नाही, आणि पुढच्या वेळी रोहिणीत पाऊस आला तर मासळी पुन्हा उघड्यावरच असेल. म्हणून सीमांकनात राहत्या घरांइतकीच खळ्यांची आणि वलांडींच्या जागांची नोंद होणे हे आता पूरनियोजनाइतकेच निकडीचे काम आहे.